राहिलेला अंक आणि पुढचा डाव

पौड रस्त्यावरच्या टपरीवर मटक्याचा चार्ट वाचणारी माणसं सकाळपासूनच दिसतात. चौकटीत छापलेल्या जोड्या, काहींभोवती लाल पेनाचे गोल, आणि समासात टिपलेला ‘राहिलेला’ अंक. ‘सातचा आकडा महिनाभर लागलेला नाही, आता येणारच,’ हे तिथलं ठाम मत.

मुळशीत हे मत पटकन पटतं. ताम्हिणीकडे भर जुलैत पावसाने आठ दिवस दडी मारली, तर तो येणार म्हणणारा चुकत नाही. पावसाला कारण असतं, समुद्रावर ढग जमत असतात. न लागलेल्या अंकामागे असं काहीही जमत नसतं. ओपनला, म्हणजे पहिल्या निकालाला, तीन अंकांची बेरीज करून तिचा शेवटचा अंक घेतात: 3, 6, 8 म्हणजे 17, अंक सात. काढणी सचोटीची असेल तर सातची शक्यता दर वेळी दहात एक. सलग तीस डाव हुकल्यानंतर एकतिसाव्या डावालाही दहात एकच.

‘पण शेवटी सगळे अंक सारखेच येतात ना?’ हा प्रश्न रास्त आहे आणि खरी गफलत इथेच होते. तीस डावांत सात एकदाही आला नाही, म्हणजे सरासरीपेक्षा तीनने मागे. पुढच्या हजार डावांत तो साधारण शंभरदा येईल. 1030 डावांत शंभर म्हणजे 9.7 टक्के, दहाच्या अगदी जवळ. राहिलेले तीन कोणी भरून दिले नाहीत. मोठ्या आकड्यात ते नगण्य झाले, इतकंच.

चार्टवर वर्षभर न दिसलेली जोडीही तशीच. 100 जोड्या आणि 300 डाव असतील, तर निव्वळ योगायोगानेच पाचेक जोड्या गायब राहतात. त्या नसत्या तरच नवल!

आणि काढणी सचोटीची नसेल तर? मग राहिलेला अंक आणखी वाईट. सगळे त्याच्यावरच पैसे लावतात, आणि निकाल हातात असलेला माणूस सर्वांत जास्त पैसा लागलेला अंक कशाला उघडेल?

हा भ्रम फक्त आपल्याकडचा नाही. इटलीच्या सरकारी लॉटरीत व्हेनिसच्या सोडतीत 53 हा आकडा सलग 182 वेळा निघाला नाही. लोकांनी त्यावर साडेतीन अब्ज युरोंहून जास्त लावले, कित्येक कुटुंबं कर्जात बुडाली. 9 फेब्रुवारी 2005 ला तो निघाला, तेव्हा फार उशीर झाला होता.

‘सरकारी लॉटरी आहे, मग आकडा का चालत नाही?’ असंही विचारतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे, पण 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार एकट्या अंकावर बक्षीस ठेवता येत नाही. मटका तर जुगारबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे.

सर्वांत घातक समज म्हणजे दर हुकलेल्या डावाला रक्कम दुप्पट करत गेलं की गेलेले पैसे वसूल होतात. दहा रुपयांपासून सुरुवात केली तर दहाव्या डावापर्यंत 10,230 रुपये जातात, आणि एखादा अंक सलग दहा डाव न येण्याची शक्यता जवळपास 35 टक्के आहे. म्हणजे असं खेळणाऱ्या दर तिघांतल्या एकाचे ते सगळे पैसे जातात, आणि अकराव्या डावाला त्याला आणखी 10,240 लावावे लागतात. ते बहुतेक वेळा उसने असतात.

घरात कोणी या नादात अडकलं असेल, तर टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, घरच्यांनाही.