पाळी सहावीत, धडा दहावीत

चाकण-म्हाळुंग्यात मुलांच्या वयात येण्याचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: "ते शाळेत शिकवतात ना! मग एवढी फी कशाची भरतो?" भोसरीत तेच, आकुर्डीत तेच. अडचण खरी आहे. आई-वडील दोघंही शिफ्टला, बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. पण 'शाळेत शिकवतात' हे पूर्ण खरं नाही. वेळेवर तर नाहीच.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत मानवी प्रजननाचा सविस्तर धडा येतो तो दहावीला, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात. पाळी सहसा दहा ते पंधरा या वयात सुरू होते, म्हणजे कितीतरी मुलींना पाचवी ते आठवीतच. आधी मुलीने एकटीने घाबरायचं आणि तीन-चार वर्षांनी त्याच गोष्टीची आकृती गुणांसाठी पाठ करायची, असा हा क्रम! त्याआधी वेगळे तास असतील म्हणावं, तर किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर २००७ मध्ये राज्यात गदारोळ झाला आणि सरकारने तो थांबवला. २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक तयार करायचे, ११ विषय शिकवायचे. त्यांत वाढीचं वय आहे, व्यसन आहे, इंटरनेटही आहे. फी भरणाऱ्यांनी मात्र नोंद घ्यावी: हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आखलेला आहे.

आणि समजा, शाळेने अगदी उत्तम शिकवलं, तरी चाळीस-पन्नास मुलांसमोर हात वर करून "माझं असं का होतंय?" हे कोण विचारणार? तो प्रश्न घरीच येतो. घरी "गप्प बस" ऐकू आलं की मोबाइलकडे जातो.

घरात बोलणं अडतं ते अशा काही समजांपाशी. "असलं सांगितलं की मुलं बिघडतात." नाही. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणाने मुलं लैंगिक संबंधांकडे लवकर वळत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष आहे.

"हे आईचं खातं." मग मुलाला स्वप्नावस्थेविषयी कोण सांगणार? त्याला तो आजार वाटतो. वडिलांनी पाच मिनिटं काढावीत.

"धोका परक्या माणसाचा." केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

"शाळेतल्या निळ्या गोळीने शौचाला काळं होतं, बंद करा." गोळी लोहाची आहे, काळं होणारच. पोरांना जेवूनखाऊन शाळेत पाठवा, मळमळही कमी होईल.

"पाळीत शिवलं की लोणचं नासतं." बरणी ओली असेल.

"शाळेत आमचं कोण ऐकतं?" हा तर सोयीचा समज. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, आणि निम्म्या महिला. खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका पाहून झाली की एवढंच विचारा: हे विषय कोणत्या इयत्तेत, कोण शिकवतं? उत्तर 'दहावीत' आलं, तर मुलीच्या दहावीची वाट पाहू नका.