कुत्र्याची नखे घरी कापताना हत्यार कोणते घ्यावे?

शहाबादी फरशीवरून कुत्रा चालताना टक् टक् आवाज येऊ लागला, की त्याची नखे वाढली असे समजावे. शेतात, रस्त्यावर मोकळ्या धावणाऱ्या कुत्र्याची नखे बहुधा आपोआप झिजतात. पण आता आमच्या देगलूरसारख्या गावातही पुष्कळ कुत्री साखळीला किंवा घरातल्या गुळगुळीत फरशीवरच असतात. त्यांची नखे झिजत नाहीत. नखे वाढली की पंजा नीट टेकत नाही, बोटे तिरपी पडतात, चालताना दुखते. एखादे नख पोत्यात किंवा चादरीत अडकून मुळापासून तुटते.

आमच्या घरी हे आम्ही चूक करून शिकलो. मोत्याची नखे पहिल्यांदा कापली ती माणसांच्या नेलकटरने. पहिली दोन नखे चिरली, तिसऱ्यातून रक्त आले. मोत्या कळवळून वळला आणि त्याला धरून बसलेल्याच्या मनगटाला दात लागले. मग जखम धुणे, दवाखाना, लसीचे डोस असे सगळे झाले. पुढे कित्येक महिने नेलकटर दिसला की मोत्या खाटेखाली जाऊन बसे. दोष हत्याराचा होता आणि आमच्या घाईचाही.

माणसाचे नख चपटे असते, कुत्र्याचे गोल आणि जाड. आपल्या नेलकटरच्या सरळ पात्यात ते कापले जाण्याआधी दाबले जाते आणि उभे चिरते. घरातली कात्री, तार कापायची पक्कड यांचेही तेच. शिवाय कुत्र्याच्या नखाच्या आत जिव्हाळी असते. तिच्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. जिव्हाळी न दुखवता, नख न चिरता स्वच्छ काप देते ते हत्यार चांगले.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला, झाडे छाटायच्या लहान कात्रीसारखा कटर. याची दोन्ही पाती आतून गोलाईची असतात, त्यामुळे नख मधोमध बसते. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याच्या जाड नखाला हाच सोयीचा. काही कटरांना पात्यामागे एक छोटी पट्टी असते. नख एकदम जास्त आत जाऊ नये म्हणून ती असते. पण जिव्हाळी प्रत्येक कुत्र्याची वेगळी, म्हणून पट्टीच्या भरवशावर राहू नये.

दुसरा, भोकात नख घालून दांडा दाबला की पाते सरकणारा कटर. लहान कुत्र्याच्या बारीक नखाला तो ठीक. जाड किंवा वाकून गोल झालेले नख त्या भोकात जातच नाही. याचे पाते लवकर बोथट होते, म्हणून पाते बदलता येणाराच घ्यावा.

तिसरा, चार्जिंगचा ग्राइंडर. हा नख कापत नाही, घासून कमी करतो. थोडे थोडे घासता येते, म्हणून काळ्या नखांना बरा. पण त्याचा आवाज होतो आणि घासताना नख तापते. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. पश्मीसारख्या पायाला लांब केस असलेल्या कुत्र्याचे केस त्यात गुंडाळले जातात, ते आधी बाजूला धरावेत. ग्राइंडर आणला तर पहिले काही दिवस नुसता चालू करून आवाजाची सवय लावावी.

बहुतेक घरांना पहिल्या प्रकारचा एक धारदार कटर, टोके गुळगुळीत करायला एक कानस आणि वाटीभर तुरटीची पूड एवढे पुरते. कटर हातात धरून पाहावा. मूठ घसरत नाही ना, स्प्रिंग सहज उघडते ना, दोन्ही पाती नीट जुळतात ना, हे बघावे. काम झाल्यावर पाती स्पिरिटने पुसून कोरडी ठेवावीत. धार गेलेला कटर नख चेचतो, तेव्हा तो बदलावा.

कापताना टोकापासून पातळ चकती काढावी. काळ्या नखाच्या कापलेल्या भागात मधोमध ओलसर काळपट ठिपका दिसला की थांबावे. पुढच्या पायाला आतून, जरा वर एक नख असते. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही आणि वाढून मांसात रुतते. ते विसरू नये. सगळी नखे एकाच दिवशी कापलीच पाहिजेत असे नाही. आज दोन, उद्या दोन, आणि प्रत्येक वेळी भाकरीचा तुकडा. रक्त आलेच तर तुरटीची पूड लावून स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. रक्त थांबत नसेल, नख मुळाशी तुटले असेल किंवा मांसात रुतले असेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आपल्या शेजारी लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

आता माणसांविषयी. नखे कापण्याआधी कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असावी. पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. तरीही दात लागले किंवा खरचटले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तिथे लस मोफत मिळते. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी डोस घ्यायचे असतात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमचे इंजेक्शनही लागते. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून डोस अर्धवट सोडू नयेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

मोत्या आता पंजा हातात देतो. त्यासाठी आम्हाला नवा कटर आणि दोन महिन्यांची सवय लागली. रोज त्याचा पंजा नुसता हातात धरायचा, चोळायचा आणि सोडून द्यायचा. तुमच्या घरी पिल्लू असेल, तर ही सवय आजपासूनच लावा.