चहाच्या मळ्यातील सावली

पोल्लाचीहून निघालेला रस्ता आळियार धरण मागे टाकतो आणि चाळीस अवघड वळणे चढून वाल्पराईच्या पठारावर येतो. तामिळनाडूतील अन्नमलै डोंगराचा हा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील अरण्य तोडून चहाची लागवड सुरू झाली. आज उतारांवर एकसारख्या कातरलेल्या झुडपांमधून ठिकठिकाणी सडपातळ, फांद्या छाटलेली झाडे उभी दिसतात. हा सिल्व्हर ओक, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. पाने खुडणाऱ्या बायांना ऊन लागू नये म्हणून तो लावला असावा, असे नवख्या प्रवाशास वाटते. कल्पना सुखद आहे, पण मळेवाल्यांच्या मनात ती क्वचितच असते.

चहाचे झाड मुळात रानातील उंच वृक्षांखाली वाढणारे. भर उन्हात त्याची पाने तापतात आणि त्यांवर लाल कोळी फैलावतो; म्हणून सावली हवी. परंतु झाडाचे अधिक मोलाचे काम जमिनीवर आणि जमिनीखाली चालते. गळलेला पाचोळा पावसाचा मारा झेलतो व उतारावरची माती धरून ठेवतो. बुरशी, जिवाणू आणि बारीक किडे तो कुजवतात. गांडुळे तो मातीत मिसळतात आणि त्यांच्या बिळांतून पाणी खोल मुरते. आपल्या ओळखीच्या शिरीष व पांगाऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्रही जमिनीस मिळवून देतात. सिल्व्हर ओकला ते साधत नाही. मात्र तो सरळ वाढतो, छाटणी सोसतो, त्याच्यावर मिरीचा वेल चढतो आणि शेवटी लाकडाचे पैसे येतात. मग दुसऱ्या झाडाची आठवण कोणास व्हावी?

सावलीचे दुखणेही आहेच. १९४६ साली दक्षिण भारतात 'ब्लिस्टर ब्लाइट' हा बुरशीचा रोग शिरला; कोवळ्या पानांवर फोड आणणाऱ्या या रोगास ओलसर सावली मानवते. फांद्या छाटणे आले, तांबेयुक्त औषधांच्या फवारण्या आल्या. तांबे मातीत साठत गेले की गांडुळांस ते बाधते. पान वाचवावे तर माती दुखावते, असा हा पेच आहे.

१९९० नंतरच्या दशकात ओडिशातील संबळपूर विद्यापीठाचे बिक्रम सेनापती आणि फ्रान्सचे पॅट्रिक लाव्हेल यांनी तामिळनाडूच्या मळ्यांत एक निराळा प्रयोग केला. चहाच्या ओळींमध्ये चर खणले, छाटणीचा काडीकचरा व इतर सेंद्रिय खत त्यांत भरले आणि वर गांडुळे सोडली. पुष्कळ वर्षे राबून थकलेल्या त्या जमिनीत पीक वाढलेले दिसले. एरवी छाटणीच्या काड्या मजुरांच्या चुलीत जातात, आणि डोंगरावरील थंडी पाहता त्यांना बोल लावणे कठीण. काड्या जमिनीला द्यावयाच्या तर चुलीसाठी दुसरे सरपण मळ्यानेच पुरवावयास हवे.

काही मळ्यांच्या कडेला आता स्थानिक रानझाडांची रोपेही लावली जात आहेत. त्यांची छाया झुडपांवर पडावयास अजून बरीच वर्षे लागतील. पाचोळा मात्र त्याआधीच पडू लागेल.