बाभळीचें बीं ओळखून पेरण्याविषयीं

वर्गणीच्या रकमेंतून वैरण घेऊन वांटणें हें समितीचें मुख्य काम असतां, त्यांतील कांहीं भाग बाभळीच्या बियांवर कां खर्चावा, अशी पृच्छा कांहीं व्यापारी गृहस्थांनीं केली आहे. तिचें उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें.

बाभळीच्या शेंगा पिकतात त्या ऐन उन्हाळ्यांत, म्हणजे गंजी संपल्या आहेत व पाऊस दूर आहे अशा वेळीं. शेळ्यामेंढ्या त्या आवडीनें खातात. पाल्यावरही त्यांचा निभाव लागतो. लांकडाचा उपयोग जमीनमालकांस आम्हीं सांगावयास नको.

बीं कठीण कवचाचें असल्यामुळें कढत पाण्यांत टाकून एक अहोरात्र भिजवावें लागतें. याहून स्वस्त उपाय धनगरांस ठाऊक आहे: शेंगा शेळ्यांस चारून वाड्यांतील लेंड्या पेरावयाच्या. परंतु फसगत येथेंच होते. गतवर्षीं आम्हीं अशा लेंड्या विकत घेऊन पेरल्या, तों उगवलेल्या रोपांत बरींच वेड्या बाभळीचीं निघालीं! हें झाड मूळचें अमेरिकेंतील. त्याची शेंग गोड म्हणून गुरें खातात, पाला मात्र सहसा खात नाहींत. आणि शेणावाटें बीं पसरून कुरणेंच्या कुरणें झांकून जातात. कच्छच्या बन्नी प्रांतांत १९६० नंतर तें लाविलें गेलें व तेथील गवताचा मोठा भाग त्यानें व्यापिला. दात्यांचा पैसा असल्या कामीं लागूं नये.

खऱ्या बाभळीची शेंग करडी, लवदार व दोन दाण्यांच्या मध्यें आंवळलेली, जणूं ओवलेली माळ. फूल पिवळें व गोंड्यासारखें गोल. साल काळपट, भेगाळलेली. वेडीचीं फुलें बोटाएवढ्या लांबट तुऱ्यांत येतात, शेंग फिकट पिवळी असते. हिवराची साल व फुलें पांढुरकीं. तो चुकून आला तरी हानि नाहीं.

शेताच्या बांधावर रामकाठी जात बरी. ती सरळ वाढते व पिकावर सावली थोडी पडते. बांध सामाईक असल्यास झाड कोणाचें हें आधींच लिहून ठेवावें. एका बाभळीपायीं भाऊबंद वर्षानुवर्षें कोर्टाची पायरी चढतांना आम्हीं पाहिले आहेत.

मूळ खोल जात असल्यानें रोप उपटून लाविलेलें सहसा जगत नाहीं. बीं जागेवरच टोंकावें व शेळ्यांपासून राखावें. खर्च आहे तो या राखणीचाच. ज्यांस बांध देणें असेल त्यांनीं मृगापूर्वीं समितीस कळवावें. शेंगा आम्ही स्वतः पाहूनच बीं पाठवूं.