आठवीवर काई भेटते काय जी?

२०२५ चा राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, पेढे वाटून झाले. ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. नववीतच ज्याचा दाखला निघाला, तो पोरगा पासांत नाही आणि नापासांतही नाही. शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. वऱ्हाडात शाळा सुटते ती बहुतेकदा याच वळणावर. दिवाळीनंतर कापूस वेचायला घरचे हात कमी पडतात. पोरगं महिनाभर शाळेत जात नाही, मग जातच नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावी, एका गॅरेजात असाच एक भेटला. नटाकडे नुसतं पाहून बाराचा पाना लागेल की चौदाचा, हे सांगतो. आयटीआयचा विषय काढला तर ग्रीसचे हात चिंधीला पुसत म्हणाला, “आठवीवर काई भेटते काय जी?”

भेटते! वेल्डर आणि वायरमन हे दोन्ही ट्रेड आठवी पासवर आहेत. पहिला एक वर्षाचा, दुसरा दोन. आठवीवरचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मंडळाचे भाषेचे पेपर काढले, तर दहावीची समकक्षताही मिळते. हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं.

सरकारचं लक्ष वरच्या पायरीवर. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरलं. नुसत्या आठवी-दहावीला रकानाच नाही. त्याच वर्षी २० सप्टेंबरला शेजारच्या वर्ध्यात आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांचा शुभारंभ झाला. ती केंद्रं कॉलेजांत. कॉलेजात पोचलेल्याला वाट विचारायला चार माणसं असतात हो! पीएम विश्वकर्माला शिक्षणाची अट नाही, पण तिच्या १८ व्यवसायांत लोहार-सुतार आहेत, गाडी दुरुस्त करणारा नाही.

राहिलं मार्गदर्शन केंद्र, जुन्यांच्या भाषेत एम्प्लॉयमेंट ऑफिस. ते अमरावतीला, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. बडनेरा करून जाऊन यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. समुपदेशकानेच महिन्यातून एकदा तालुक्याच्या बाजारात टेबल टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपणच. ओळखीत असा पोरगा असेल, तर आठवीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधायला लावा आणि आयटीआय प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज त्याच्या शेजारी बसून भरून द्या.