मिठाला पाणी सुटतं तेव्हा

जूनच्या मध्यावर मुरूडजवळच्या आगरदांड्यातल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडली की उन्हाळाभर मोकळं असलेलं मीठ ओला गोळा होऊन तळाशी बसलेलं दिसतं. त्यात तांदळाचे चार दाणे टाकायचे, झाकण घट्ट लावायचं, ही इथली जुनी रीत. त्याच घरात होमस्टेच्या बुकिंगसाठी, मासळीच्या हिशेबासाठी किंवा जीएसटीच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप असतो. त्याच्या पोटातही त्या दिवसांत तेच चाललेलं असतं, पण ते झाकण उघडून कुणी पाहत नाही.

यामागचं रसायन सोपं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. राजपुरीच्या खाडीवरून येणारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो, लॅपटॉपचा पंखा ती हवा आत खेचतो आणि कण धुळीसोबत मदरबोर्डवर बसतात. मार्चमध्ये ते कोरडे पडून राहतात. पावसाळ्यात मात्र प्रत्येक कणाचा खारट थेंब होतो. त्या थेंबातून वीज वाहते, शेजारशेजारच्या दोन टोकांमध्ये नको तो रस्ता तयार होतो आणि तांबं हिरवं पडत जातं. खिडकीचा गज गंजून तुटायला वर्षानुवर्षं लागतात, कारण तो बोटाएवढा जाड असतो. बोर्डवरची तांब्याची रेघ केसाएवढी असते.

इथे एक समज मुळातून बदलायला हवा. पावसाळ्यात पाहुणे नसतात, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, म्हणून लॅपटॉप कपाटात ठेवून दिला जातो. त्याने नुकसान वाढतं. ३० अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा लॅपटॉपच्या आत ४० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे चालू असलेला लॅपटॉप स्वतःच्या उबेने स्वतःला कोरडा ठेवतो. दिवसाआड तासभर तरी तो चालवावा. ठेवूनच द्यायचा असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा.

तरीही एखाद्या सकाळी बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर? मुरूडपासून अलिबाग पन्नासेक किलोमीटर. तिथे नेऊन दाखवायचं म्हणजे एक दिवस गेला. पार्ट मागवावा लागला, तर दुसरी खेपही आलीच. म्हणून घरातून निघण्याआधी बिघाड कुठे आहे याचा अंदाज बांधता येणं, ही या किनाऱ्यावर पैसे वाचवणारी विद्या आहे.

पहिली कसोटी अगदी साधी: बिघाड विंडोज सुरू होण्याआधीच दिसतो का? विंडोजआधी उघडणाऱ्या बायोसच्या पानावरही कीबोर्डची तीच अक्षरं उमटत नसतील, तिथेही लॅपटॉप मध्येच बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काही साधणार नाही. स्क्रीन काळी असेल, तर एचडीएमआयच्या वायरने घरचा टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे, दोष पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा. काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरकी धरल्यावर पुसट चिन्हं दिसली, तर फक्त मागचा उजेड गेलेला असतो.

कामकाजासाठी बनवलेल्या लॅपटॉपचा खरा फायदा पुढे आहे. हे यंत्र आपलं दुखणं स्वतः सांगतं. डेल लॅटिट्यूड सुरू होताना एफ१२ दाबलं, एचपीवर एस्केप आणि मग एफ२ दाबलं, नव्या थिंकपॅडवर एफ१० दाबलं, की आतल्या भागांची तपासणी करता येते आणि दोष सापडला तर त्याचा क्रमांक मिळतो. स्क्रीन पूर्ण मेली असेल तर दिवा बोलतो. लॅटिट्यूडचा दिवा दोनदा पिवळा, मग तीनदा पांढरा, असा पुन्हापुन्हा लुकलुकला, तर त्याला रॅम सापडत नाहीये. ही उघडझाप मोबाइलवर व्हिडिओत टिपून ठेवावी. वॉरंटीत घरी येणारा इंजिनिअर फोनवर कळलेल्या लक्षणांवरून पार्ट घेऊन निघतो. लक्षण चुकीचं सांगितलं तर तो चुकीचा पार्ट घेऊन आगरदांड्याला पोहोचतो.

वॉरंटी संपलेली असेल, तर काही गोष्टी घरीही होतात. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवलं की साठून राहिलेली वीज निघून जाते. काही ‘मेलेले’ लॅपटॉप एवढ्यावर जागे होतात. लेनोवो, डेल, एचपी यांची स्क्रू-स्क्रू दाखवणारी दुरुस्तीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात पाहून खालचं झाकण उघडावं, सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. मग रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांतून मोकळी करावी. तिच्या काठावर सोनेरी दातांची ओळ असते. सोनं गंजत नाही, पण किनाऱ्यावर त्यावर मळकट, धूसर थर चढलेला दिसतो. दुरुस्तीवाले तो खोडरबराने पुसतात. सोन्याचा मुलामा फार पातळ असल्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा जास्त चांगला. पट्टी तिरकी बसवून खाली दाबली की ‘टक्’ असा आवाज येतो. कित्येकदा दिव्याची तक्रार तिथेच थांबते.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. टचपॅड वर उचललं गेलेलं दिसलं, झाकण नीट मिटेनासं झालं, तर आत बहुधा बॅटरी फुगली आहे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर लावूच नये.

वीज जाऊन परत येते तो क्षणही जपावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी चार्जरची पिन भिंतीवरच्या स्विचबोर्डातून काढून ठेवावी आणि वीज येऊन स्थिरावल्यावरच लावावी.

सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे दिघीच्या फेरीवर किंवा जेट्टीवर लाटेचं पाणी बॅगेत शिरणं. गोड्या पाण्यात भिजलेला लॅपटॉप वाळून पुन्हा चालू होऊ शकतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी वाळलं तरी ते बोर्डवरच राहतात. लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय इथे फसतो: तांदूळ ओल ओढून घेईल, पण मीठ जागचं हलणार नाही, आणि पुढच्या दमट दिवशी त्याला पुन्हा पाणी सुटेल. म्हणून चालू करून बघण्याचा मोह टाळून, लॅपटॉप आधी बंद करून बॅटरी सोडवावी आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावा. ‘खाऱ्या पाण्यात भिजलाय’ हे त्याला पहिल्या वाक्यात सांगावं, म्हणजे तो बोर्ड नुसता सुकवणार नाही. आधी डिस्टिल्ड पाण्याने धुईल, मग अल्कोहोलने.