अटन आणि अवस्थान : लीळाचरित्रातील फिरता मठ

अहेरीच्या पश्चिमेस प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून चपराळ्याजवळ सिद्ध होणारी ही नदी पुढे सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते. ऐलतीरी महाराष्ट्र, पैलतीरी तेलंगण अशी येथील स्थिती असून मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया या भाषा या परिसरात एकमेकींच्या शेजारी नांदत आलेल्या आहेत. अशा प्रदेशातील विद्यार्थी महानुभावांचा सूत्रपाठ वाचू लागला की आचारविषयक सूत्रांपाशी तो थबकतो. श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांस कानडी आणि तेलुगू मुलखांत जाण्याची मनाई केली होती. ज्याच्या दारातून तो तेलुगू मुलूख दिसतो, त्याला या मनाईचा अर्थ काय सांगावयाचा? मराठीच्या अभिमानाचे आद्य उदाहरण म्हणून या सूत्राचा निर्देश व्याख्यानांतून नेहमी होतो. तो निर्देश सोयीचा असला तरी सूत्राच्या आशयाशी प्रामाणिक नाही. हे सूत्र संन्यस्त साधकाच्या दिनक्रमाचे आहे, आणि तो दिनक्रम कळण्यासाठी सूत्रपाठाकडून लीळाचरित्राकडे वळावे लागते.

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग सर्वपरिचित आहेत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, ऋद्धिपूर येथे या ग्रंथाची सिद्धता केली. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडून ती मिळवावयाची आणि नागदेवाचार्यांच्या संमतीने ती ग्रंथात घालावयाची, अशी त्यांची पद्धती होती. मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि हिराइसा आदींच्या स्मरणातून निरनिराळे पाठ उभे राहिले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे ग्रंथ अभ्यासकांस सुलभ झाला. तथापि अभ्यासक्रमात त्याची ओळख 'मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ' एवढीच राहिली. निवडक लीळा नेमल्या जातात. त्या बहुधा संवादाने खुललेल्या, एखाद्या दृष्टांताने उजळलेल्या असतात. गोसावी अमुक गावी आले, अमुक देवळाच्या पटिशाळेवर आसन झाले, पूजावसर झाला, आरोगण झाली, पहूड झाला, अशा आशयाच्या ज्या नोंदी शेकडो वेळा येतात त्या संपादित वेच्यांतून गळतात. विद्यार्थ्याला त्या कंटाळवाण्या वाटतात, आणि खरे म्हणजे शिक्षकालाही वाटतात. परंतु ग्रंथाचा कणा या नोंदींचाच आहे.

श्रीचक्रधरांच्या चरित्राचा आरंभच एका अपुऱ्या यात्रेने होतो. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव रामटेकच्या रामाचे दर्शन घ्यावयाचे म्हणून घरून निघतात. वाटेत ऋद्धिपूर लागते, तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट होते, आणि ज्या यात्रेसाठी ते निघाले होते ती यात्रा तेथेच संपते. पुढे ते सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिल्याचे एकांकात येते. तेथून त्यांचे भ्रमण सुरू होते. त्यात आंध्र देश आहे, काकतीयांचे ओरंगल आहे, घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरचा संसारही आहे. भंडाऱ्याच्या नीळभटाची भेट याच काळातली आहे. ज्या रामटेकसाठी हरिपाळदेव निघाले होते तेथेही ते पुढे राहिले. परंतु रामदर्शनाचा यात्रेकरू म्हणून नव्हे. एक अवधूत जसा कोणत्याही देवळात उतरतो, तसे ते तेथील देवळात उतरले. एकांक या नावातच एकटेपणा आहे. बरोबर कोणी नाही, ठरलेला मार्ग नाही, ठरलेली वेळ नाही. भिक्षा मिळेल तेव्हा अन्न, जागा मिळेल तेथे निद्रा. झाडीमंडळातून आंध्रात ते नेमक्या कोणत्या वाटेने उतरले, हा प्रश्न येथे घ्यावयाचा नाही. महत्त्वाचे ते हे की, ज्या मुलखात त्यांनी पुढे अनुयायांस जाऊ दिले नाही तो मुलूख त्यांनी स्वतः पाहिलेला, भोगलेला होता.

पूर्वार्धात चित्र पालटते. प्रतिष्ठानी बाइसांची भेट होते. बाइसा स्वतः साधनी, वयाने प्रौढ आणि स्वभावाने करारी. त्या सेवेचा भार उचलतात आणि त्याबरोबर दिवसाला आकार येऊ लागतो. पहाटे उपहूड, म्हणजे निद्रेतून उठणे, मग पूजावसर, नंतर विहरण, म्हणजे गावाबाहेरच्या एखाद्या देवळाकडे अथवा रानाकडे जाणे, तेथे आसन आणि निरूपण, परत बिढारी आल्यावर मर्दना, स्नान, दुपारचा पूजावसर, आरोगण, पहूड, सायंकाळी पुन्हा पूजावसर, व्याळी आणि रात्रीच्या गोष्टी. भक्तजन मधल्या वेळी झोळ्या घेऊन गावात भिक्षेला जातात आणि भिक्षान्न आणून स्वामींच्या दृष्टीसमोर ठेवतात. हा क्रम प्रतिष्ठानात आहे, बेलापुरात आहे, भिंगारात आहे, हिवरळीत आहे, डोंबेग्रामात आहे. भिंती बदलतात, क्रम बदलत नाही. मठ म्हणजे वास्तू असा जो अर्थ आज रूढ आहे तो बाजूला ठेवला, आणि गुरूभोवती बांधलेला दिवस हा मठाचा अर्थ घेतला, तर लीळाचरित्रात एक पूर्ण मठ दिसतो. तो पायांनी चालतो, एवढेच.

या मठाची परिभाषाही प्रवासाचीच आहे. रात्रीपुरता मुक्काम ती वस्ती. काही काळ टिकणारा मुक्काम ते अवस्थान. क्षणभर बसणे ते आसन. स्वामींचा एखाद्या गावाशी असलेला संबंध या तीन शब्दांनी मोजला जातो. उतरण्याची जागा ती बिढार. आजच्या 'बिऱ्हाड' या शब्दात ती टिकून आहे. फरक इतकाच की आपल्या बिऱ्हाडाला भाडे असते आणि मागे सोडून यावयाचे सामान असते. पटिशाळेची पडसाळ झाली. व्याळीचे रूप ग्रामीण बोलीतल्या 'ब्याळू'त आढळते. शब्द घरगुती, वापर मात्र अनिकेतांचा, हा लीळाचरित्राच्या भाषेचा विशेष होय.

बाइसांचा येथे थोडा अधिक विचार करावयास हवा. तत्त्वज्ञानाच्या मांडणीत त्यांना फारसे स्थान मिळत नाही. प्रश्न विचारणारी महदाइसा आणि आचार्यपदी बसलेले नागदेव यांच्याकडेच अभ्यासकांचे लक्ष जाते. पण प्रत्येक गावी उतरल्याबरोबर चूल मांडणे, उपहार निपजविणे, पूजेचे साहित्य जमविणे, आल्यागेल्यांची सोय लावणे, हे ज्या हातांनी झाले त्या हातांवाचून निरूपणाला वेळ आणि बैठक मिळाली नसती. स्वामींच्या आरोगणेची चिंता बाइसा करतात, ती कधी आग्रहापर्यंत आणि रुसव्यापर्यंतही जाते, आणि म्हाइंभट ते सारे लपवीत नाहीत. संतचरित्रांच्या नंतरच्या परंपरेत स्वयंपाकघर बहुधा चमत्कारापुरते येते. येथे ते रोजचे आहे.

आता मनाईच्या सूत्राकडे परत यावे. श्रीचक्रधरांनी अनुयायांना जो आचार सांगितला त्याचे मुख्य घटक अटन, विजन, भिक्षा आणि नामस्मरण हे होत. साधकाने एका गावी रुळू नये, ओळखीपाळखीच्या माणसांत राहू नये, रानाच्या कडेला झाडाच्या आश्रयाने असावे, मिळेल ते अन्न चवीचा विचार न करता घ्यावे. या चौकटीत तेलुगू आणि कानडी मुलखांची मनाई ठेवून पाहिली म्हणजे तिचे कारण उघड होते. ते मुलूख विषयसमृद्ध आहेत, साधकाचे चित्त तेथे गुंतेल, असा तिचा भाव आहे. मातापूर आणि कोल्हापूर ही स्थाने तर मराठी मुलखातलीच. त्यांचीही मनाई आहे, कारण तेथील देवता साधकाच्या मार्गात विघ्न आणतात असे पंथाचे मत आहे. मनाई भाषेच्या सीमेवर थांबत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. मराठीविषयीची पंथाची निष्ठा खरी आहे. पण तिचा आधार अन्यत्र शोधावा लागतो. उदाहरणार्थ, संस्कृतात ग्रंथ रचू पाहणाऱ्या केशिराजांना नागदेवाचार्यांनी रोखले, कारण त्यामुळे स्वामींचे ज्ञान पंथातील साध्यासुध्या स्त्रियांपर्यंत पोहोचले नसते. स्मृतिस्थळातील हा प्रसंग भाषानिष्ठेचा आहे. सूत्रपाठातील मनाई वैराग्याची आहे. दोहोंची गल्लत केल्याने प्राणहितेच्या काठच्या तेलुगू बोलणाऱ्या मराठी विद्यार्थ्यावर विनाकारण अन्याय होतो.

तीर्थयात्रेसंबंधीही श्रीचक्रधरांची भूमिका अशीच कठोर आहे. देवतांची क्षेत्रे आणि तीर्थे यांचे फळ मर्यादित आहे. त्याने मोक्ष नाही. जो परमेश्वराच्या सन्निधानात आहे त्याला तीर्थाचे प्रयोजनच उरत नाही. सन्निधान आहे तोवर हा विचार निर्वेध चालतो. परंतु 1274 च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले आणि प्रश्न उभा राहिला. भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे राजमठात पुन्हा तोच पूजावसर, तीच आरोगण, तीच भिक्षा. पण पाहणाऱ्याला फरक जाणवतो. श्रीगोविंदप्रभू दिनक्रमात बसणारे नव्हते. ते लहर लागेल तेव्हा उठत, लहर लागेल तिकडे जात, कोणाच्याही घरात शिरत. श्रीचक्रधरांभोवतीचा दिवस एका ओळीत चालत होता. श्रीगोविंदप्रभूंभोवतीचा दिवस त्यांच्या मागे धावत होता. सुमारे चौदा वर्षांनी त्यांनीही देह ठेवला. आता असन्निधान पुरे झाले.

या असन्निधानात पंथाने ज्या चार साधनांचा आश्रय घेतला ती स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक अशी सांगितली जातात. यांतील स्थान हे पहिले. जेथे स्वामी बसले, निजले, जेवले, जेथे त्यांनी हातपाय धुतले, इतकेच नव्हे तर जेथे त्यांनी परिश्रय केला, ती सर्व ठिकाणे वंदनीय झाली. स्थानपोथीत त्यांच्या नोंदी आहेत: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, आसन दाराच्या कोणत्या अंगाला झाले, वस्ती कोणत्या पटिशाळेवर झाली. तेराव्या शतकातील गावे आणि देवळे यांची माहिती हवी असणाऱ्या इतिहासकाराला ही पोथी वरदान आहे. भक्ताला तिची गरज वेगळ्या कारणाने होती. ज्या दिवसाचे तास त्याला पुन्हा मिळणार नव्हते, त्या तासांच्या जागा तरी त्याला हव्या होत्या. अशा जागांवर ओटे उभारले गेले, आणि तीर्थयात्रा नाकारणाऱ्या गुरूच्या पावलांची यात्रा सुरू झाली.

झाडीपट्टीतील वाचकाला या यात्रेचे वेगळेपण जवळच्या उदाहरणांनी ओळखता येईल. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर बारा वर्षांनी येतो, तो अलीकडे एप्रिल 2022 मध्ये झाला. तेथे जागा आणि तिथी आधी आहेत. माणूस त्यांच्याकडे जातो आणि पाणी, देव, पर्वकाळ त्याला पुण्य देतात. महानुभावांच्या स्थानाला असे स्वतःचे बळ नाही. ते एरवी एखाद्या पडक्या देवळाचा कोपरा आहे. तेथे एका दुपारी कोणी बसले होते, हीच त्याची पुण्याई. म्हणून तेथे कोणत्याही दिवशी जावे आणि जाताना लीळेचे स्मरण असावे. लीळा आठवली नाही तर ओटा केवळ दगडमातीचा उरतो. लीळाचरित्र आणि स्थानपोथी हे ग्रंथ या अर्थाने एकमेकांवाचून अपुरे आहेत. एकाने दिवस जपला, दुसऱ्याने भूमी.

पुढच्या शतकांत आम्नाय निर्माण झाले, महंत झाले, स्थिर मठ उभे राहिले. पंथ पंजाबात गेला, काबूलपर्यंत त्याचे मठ झाले आणि तेथील जयकृष्णी भिक्षूंनी मराठी पोथ्या पठण केल्या. महाराष्ट्रातच राहण्याचा आदेश मोडला गेला, असे कोणी म्हणू शकेल, आणि पंथाच्या आत हा वाद झालाही असावा. पण काबूलच्या मठात बसून जो भिक्षू डोंबेग्रामातील पूजावसराची लीळा मराठीत वाचत होता, त्याचा दिवस कोणत्या देशात उगवत होता, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. ऋद्धिपुरी 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्यावर महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला बळ मिळण्याची अपेक्षा व्यक्त होते. पाठचिकित्सा, शब्दकोश, सकळ-सुंदरी लिप्यांतील पोथ्यांचे वाचन ही कामे होतीलच. त्यांच्याबरोबर वर्गात एखादी लीळा नेमताना तिच्या आधीची वस्तीची आणि नंतरची आरोगणेची नोंद कापली जाऊ नये, एवढी काळजी संपादकांनी घ्यावयास हवी. कापलेल्या लीळेत विद्यार्थ्याला निरूपण मिळते. ते ऐकून उठल्यावर भक्तजन झोळी घेऊन कोणत्या गल्लीत गेले, हे त्याला कळत नाही.